पोलंडला युक्रेन जवळचा आणि हंगेरीला दूरचा का वाटला?

धागालेखक :
२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने चढाई केल्यावर युक्रेनमधील आपले विद्यार्थी ज्या देशांमार्गे परतले, त्यांत पोलंड आणि हंगेरी हे दोन्ही होते. दोन्ही देशांनी त्या दिवसांत निर्वासितांना आसरा दिला, दोन्ही नाटो आणि युरोपीय संघाचे सदस्य आहेत आणि दोघांनीही सोव्हिएत वर्चस्व भोगलेले आहे. तरीही पोलंडने दोनशेहून अधिक रणगाडे युक्रेनला दिले आणि जनतेने ते उचलून धरले. हंगेरीने मात्र आपल्या सीमेवरून शस्त्रे थेट युक्रेनमध्ये नेण्यास मनाई केली, आणि मतदारांनी एप्रिल २०२२ मध्ये त्याच सरकारला पुन्हा दोनतृतीयांश बहुमत दिले.

माझ्या मते या फरकाचे मूळ स्मृतीत आहे. १७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसले, १९४० मध्ये कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस व नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि मॉस्कोने या हत्याकांडाची जबाबदारी १९९० पर्यंत नाकारली. हे दुःख ज्या समाजाने घराघरांत जपले, त्याला युक्रेनची लढाई परक्याची वाटत नाही.

मुद्देसूद :
सहमत नाही. स्मृतीच निर्णायक असती, तर हंगेरी आघाडीवर दिसायला हवी होती. १९५६ चा सोव्हिएतविरोधी उठाव रणगाड्यांखाली चिरडला गेला, सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले, १९५८ मध्ये उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नॉज यांना फाशी झाली. १६ जून १९८९ रोजी नॉज यांचा सन्मानाने पुन्हा दफनविधी झाला, तेव्हा सोव्हिएत सैन्याने देश सोडावा अशी जाहीर मागणी करणारा तरुण वक्ता व्हिक्टर ऑर्बान हाच होता. पुढे पंतप्रधान झालेल्या त्याच नेत्याने २०२२ मध्ये युक्रेनला शस्त्रे देणे म्हणजे हंगेरीला युद्धात ओढणे, असा प्रचार करून निवडणूक जिंकली. २०१८ मध्ये चारशेहून अधिक माध्यमे सरकारधार्जिण्या एकाच प्रतिष्ठानाखाली आणली गेली होती आणि ग्रामीण मतदाराच्या कानावर मुख्यतः तीच बाजू पडत होती. शिवाय नैसर्गिक वायू रशियाचा आणि पाक्श येथील नव्या अणुभट्ट्यांचे कंत्राटही रशियाच्याच कंपनीकडे. लोकमत असे घडवले जाते, ते वारशाने मिळत नाही.

सीमावासी :
हंगेरीच्या मतदाराला केवळ प्रचाराचा बळी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या त्रियानों तहाने त्या देशाचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश गेला. त्याच प्रदेशापैकी आज युक्रेनमध्ये असलेल्या ट्रान्सकार्पेथिया प्रांतात २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे दीड लाख हंगेरियन होते. २०१७ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शाळांतील अल्पसंख्याकांच्या भाषेवर मर्यादा आणली, तेव्हापासून तेथील लोकांत युक्रेनविषयी रोष आहे. युद्धाआधीची ही तक्रार खरी आहे. सीमेपलीकडे आपली माणसे मातृभाषेतील शाळेसाठी झगडत असली की काय वाटते, हे मराठी माणसाला बेळगावचा विषय निघाला की वेगळे सांगावे लागत नाही.

कोल्हापूरकर :
गमावलेल्या प्रदेशाचा मुद्दा पोलंडपाशी मात्र टिकत नाही. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकललेली ही कुटुंबे होती. युद्धानंतर त्यांच्यापैकी अनेकांना परतायला घरच उरले नाही, कारण त्या पूर्व पोलंडचा मोठा भाग, ल्वूव शहरासह, आज युक्रेनमध्ये आहे. त्यात भर म्हणजे १९४३ मध्ये व्होलिनिया भागात युक्रेनी राष्ट्रवादी बंडखोरांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली होती. म्हणजे युक्रेनवर रुसण्याची कारणे पोलंडकडे हंगेरीपेक्षा कमी नव्हती, किंबहुना अधिकच होती.

तरीही २ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनच्या स्वातंत्र्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश पोलंडच होता. त्यामागे येझी गेद्रोयत्स या निर्वासित संपादकाचे मोठे श्रेय आहे. पॅरिसजवळून चालवलेल्या आपल्या नियतकालिकातून त्यांनी अनेक वर्षे मांडले, की पूर्वेकडचा गेलेला प्रदेश विसरा, स्वतंत्र युक्रेनमध्येच पोलंडची सुरक्षितता आहे. ही भूमिका सुरुवातीला अनेक देशबांधवांना रुचली नव्हती. जुन्या जखमेचा अर्थ कोणी आणि किती चिकाटीने लावला, यावर माझ्या मते बरेच अवलंबून असते.

शेतकरीपुत्र :
पोलंडचा पाठिंबा अढळ मानू नका. एप्रिल २०२३ मध्ये पोलंडनेच युक्रेनच्या धान्याच्या आयातीवर बंदी घातली, पुढच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांनी सीमेवरचे रस्ते अडवले, आणि २०२५ मध्ये नवे अध्यक्ष कारोल नाव्रोत्स्की यांनी युक्रेनी निर्वासितांच्या सवलतींची मुदत वाढवणारे विधेयक अडवले. भाव पडला की शेतकऱ्याला इतिहास सांगून भागत नाही, हे आपण कांदा उत्पादकांच्या बाबतीत पाहतोच.

धागालेखक :
कोल्हापूरकरांचा मुद्दा मला मान्य आहे, स्मृतीला अर्थ देणारे कोणी तरी लागते. शेतकरीपुत्र यांना मात्र एक सांगावेसे वाटते. धान्यावरून रस्ते अडवले गेले त्याच काळात पोलंडचा संरक्षण खर्च देशाच्या एकूण उत्पादनाच्या (जीडीपी) चार टक्क्यांवर गेला आणि तो कमी करा अशी मोठी लोकचळवळ काही उभी राहिली नाही. युक्रेनविषयीचा जिव्हाळा आटला, तरी रशियाविषयीची धास्ती उरली. आपण या दोन गोष्टींना एकच पाठिंबा समजून मोजतो, आणि माझ्या पहिल्या लेखनात मीही तेच केले. पोलंडची ईशान्य सीमा रशियाच्या कालिनिनग्राड प्रांताला भिडलेली आहे, हंगेरीची सीमा रशियाला कोठेच लागत नाही.