फिजिक्सनंतर भूकंपशास्त्र: प्रवेश, नोकरी आणि परिषदा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. कराडला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स आणि गणित. भूगर्भशास्त्र कधी घेतलेलं नाही. भूकंपशास्त्रात जायचं तर पुढचा रस्ता कोणता? परदेशातल्या परिषदा, इंटर्नशिप यांचं काय? वर्गमैत्रिणीची बहीण सिव्हिलला आहे, तिलाही याच क्षेत्रात यायचंय.

भूतरंग:
भूगर्भशास्त्र नाही याची काळजी सोडा. हा विषय बराचसा लाटांच्या गणिताचा आहे. फूरिए, विकलन समीकरणं, मॅट्रिक्स हे पक्कं हवं. भ्रंशांचे प्रकार, खडकांची ओळख एमएस्सीच्या पहिल्या वर्षात होऊन जाते. गणित मागाहून भरून काढणं फार जड जातं.

सरळ रस्ता जॅमचा, म्हणजे आयआयटींच्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा. फॉर्म साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयटी मुंबईचं अप्लाइड जिओफिजिक्स, तसेच धनबाद आणि खरगपूरचे भूभौतिकीचे (जिओफिजिक्सचे) अभ्यासक्रम यातूनच मिळतात. माहितीपुस्तिकेत प्रत्येक अभ्यासक्रमापुढे दोन अटी वेगवेगळ्या दिलेल्या असतात: कोणता पेपर चालतो, आणि पदवीला कोणते विषय किती काळ घेतलेले हवेत. मुलं पहिली वाचतात, दुसरी सोडून देतात आणि रँक येऊनही प्रवेशाच्या वेळी अडतात. तुमचं गणित किती सत्रांचं आहे ते गुणपत्रिका काढून आत्ताच मोजा.

एमएस्सीनंतर संशोधनाकडे वळायचं तर सीएसआयआर-नेट ही पात्रता परीक्षा, त्यातही पृथ्वीविज्ञानाचा पेपर. त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. हैदराबादची भूभौतिकी संस्था एनजीआरआय, डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था आयएसआर, पनवेलची भूचुंबकत्व संस्था या पाहण्यासारख्या जागा. सरकारी नोकरी हवी असेल तर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. त्यातल्या जिओफिजिसिस्ट पदाला साध्या फिजिक्सची एमएस्सीही चालते, ही गोष्ट फिजिक्सच्या मुलांना कुणी सांगतच नाही. त्यामुळे जॅममधून भूभौतिकी मिळालं नाही तरी वर्ष फुकट घालवू नका.

आणि तुम्ही कराडचे! पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा तुमच्याच गावाला आहे. कोयनेला 1967 च्या डिसेंबरात 6.3 चा धक्का बसला, आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातल्या पाण्याशी जोडलेले धक्के तिथे अजून चालू आहेत. त्यांचा उगम जवळून अभ्यासायचा म्हणून गोठण्याला बेसॉल्ट भेदून खालच्या ग्रॅनाइटी खडकात 3 किमी खोल विवर घेतलं. एवढ्या छोट्या पट्ट्यात, एवढ्या कमी खोलीवर, इतकी वर्षं धक्के देत राहणारी जागा जगात क्वचित सापडते. तिथे प्रकल्पासाठी पत्र लिहाल तेव्हा ‘मला भूकंपात रस आहे’ एवढ्यावर भागत नाही. कोणती नोंद घेतली, कशाने तपासली, काय निघालं हे दोन परिच्छेदांत लिहा आणि एक आकृती जोडा.

बीम_कॉलम:
मैत्रिणीच्या बहिणीसाठी. तिचा विषय भूकंप अभियांत्रिकी, रस्ता गेट या एमटेक प्रवेशपरीक्षेतल्या सिव्हिल पेपरचा. रुरकीला यासाठी 1960 पासून स्वतंत्र केंद्र आहे, आज तो पूर्ण विभाग आहे. आयएस 1893 आणि आयएस 13920 ही भूकंपरोधक बांधकामाची दोन भारतीय मानकं तिने सॉफ्टवेअर उघडण्याआधी वाचावीत. मग एकाच वस्तुमानाच्या चौकटीचा रिस्पॉन्स स्पेक्ट्रम, म्हणजे आवर्तनकाळानुसार कमाल हादरा दाखवणारा आलेख, स्वतः प्रोग्रॅम लिहून काढावा. त्यासाठी टप्प्याटप्प्याने हालचाल मोजणारी न्यूमार्क पद्धत पुरते. टाइम स्टेप आवर्तनकाळाच्या दहाव्या हिश्शाहून मोठी घेतली की शिखरं कापली जातात, आणि कमी आवर्तनकाळाच्या टोकाला आलेख खोटा खाली बसतो. मुलाखतीत हेच विचारतात. आयआयटी कानपूरच्या एनआयसीईई या भूकंप अभियांत्रिकी माहिती केंद्राचं साहित्यही जरूर पाहावं.

दख्खनी:
परिषदांबद्दल. बीएस्सीला असताना परदेशाचा विचार नको, मांडण्यासारखं काम आधी हवं. इंडियन जिओफिजिकल युनियनचं वार्षिक अधिवेशन पहिल्या पोस्टरसाठी योग्य.

एमएस्सी-पीएचडीत गेलात की मुख्य दोन. अमेरिकन जिओफिजिकल युनियनची एजीयू परिषद डिसेंबरात भरते, कामाचे सारांश जुलैअखेरच्या सुमारास घेतात. युरोपियन जिओसायन्सेस युनियनची व्हिएन्नातली ईजीयू एप्रिलमध्ये, सारांश जानेवारीत. पण ईजीयूची प्रवासमदत हवी असेल तर मुदत त्याच्याही आधी, डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, आणि जानेवारीची तारीख धरून बसलेले नेमके इथे चुकतात. सारांश सादर करताना भरलेले पैसे परत मिळत नाहीत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा स्वीकृतिपत्र हाती येताच अपॉइंटमेंट घ्या.

इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्राच्या कार्यशाळा होतात. तिथे नोंदणी शुल्क नसतं आणि विकसनशील देशांतल्या निवडक लोकांना प्रवास-राहण्याचा खर्चही मिळतो. माझ्या मते आपल्याकडच्या विद्यार्थ्याने पहिला परदेशी अर्ज इथेच करावा. अमेरिकेतल्या अर्थस्कोप या भूभौतिकी संघटनेची उन्हाळी इंटर्नशिप तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठीच असते, त्यात वेळ घालवू नका. त्यांचीच ऑनलाइन कौशल्य कार्यशाळा मात्र बाहेरच्यांनाही खुली असते, तीही फुकट.

‘आपली निवड झाली आहे, दोन दिवसांत शुल्क भरा’ अशा मेल येतात, त्या सरळ पुसा. आयोजक म्हणून ओळखीची वैज्ञानिक संघटना नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

कृष्णाकाठ:
खूप आभार. भूतरंग, तुम्ही म्हणालात तशी नोंद घेऊन पाहिली. 25 एप्रिल 2015 चा नेपाळचा 7.8 चा भूकंप, हैदराबादचं एचवायबी स्टेशन, ऑब्स्पाय हे पायथनचं सॉफ्टवेअर वापरून. आधी येणारी पी आणि मागून येणारी एस लाट यांच्यातला फरक सव्वादोन मिनिटांच्या आसपास. अंतराच्या ढोबळ नियमाप्रमाणे सेकंदांना आठाने गुणलं तर 1,100 किमी येतात, नकाशावर साडेतेराशे. शिवाय जमिनीच्या विस्थापनाचा आलेख भलताच वर-खाली डोलतोय.

भूतरंग:
वाचन बरोबर आहे, नियम चुकीच्या जागी वापरलाय. तो आठ येतो कुठून ते पाहा. कवचात पी लाट सेकंदाला 6 किमी, एस 3.5 धरा. गुणाकार 21, फरक 2.5, भागाकार 8.4. जवळच्या धक्क्यांना, म्हणजे कोयनेचा धक्का कराडला नोंदला तर, हे ठीक चालतं. साडेतेराशे किमीवर पहिल्या लाटा कवचाखालच्या वरच्या मँटलमधून येतात. तिथे वेग ढोबळमानाने 8 आणि 4.5. म्हणजे 36 भागिले 3.5, सुमारे 10.3. आता गुणून पाहा, 1,400 च्या आसपास याल. उरलेल्या फरकासाठी ऑब्स्पायमधला टाऊ-पी (TauP) हा लाटांचा प्रवासवेळ काढणारा भाग वापरा, तो खोलीनुसार बदलणारा वेग धरतो.

आलेख डोलतो तो उपकरणाचा प्रतिसाद काढताना. खूप कमी वारंवारतेला भूकंपमापक जवळजवळ बहिरा असतो; प्रतिसाद काढणं म्हणजे त्या जवळजवळ शून्याने भागणं, म्हणून तिथला गोंगाट फुगतो. आधी सरासरी आणि कल काढा, दोन्ही टोकांना 5 टक्के टेपर लावा (टोकं हळूहळू शून्यावर आणा), मग नको त्या वारंवारता आधीच गाळणाऱ्या प्री-फिल्टरला 0.005, 0.01, 8 आणि 10 हर्ट्झ हे चार कोपरे द्या. तुमच्या नोंदीतल्या बीएच चॅनेलचे सेकंदाला 20 नमुने असतील तर 10 हर्ट्झच्या वर काही उरतच नाही. तरीही डोललं तर खालचे दोन कोपरे दुप्पट करा.

वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत घ्या. हा धक्का यूटीसीप्रमाणे 6 वाजून 11 मिनिटांचा. आपल्याकडे तेव्हा 11:41 झाले होते. साडेपाच तासांची गफलत झाली की भलत्याच आफ्टरशॉकवर पी ची खूण बसते. नवी आकृती इथे टाका, पाहून सांगतो.