ट्रिव्हिअल, नेग्लिजिबल आणि तिठ्यावरचा नारळ

आडिवऱ्याची बाई

काल इथे 'सरळमराठी' या नावानं कुणीतरी लिहिलं: "ट्रिव्हिअल काय नि नेग्लिजिबल काय, दोन्ही क्षुल्लक. यात फरक दाखवणारे मास्तर शिकवणीची फी वसूल करतात, बाकी काही नाही." त्याखाली अंगठ्यांची रांग. मी राजापूर तालुक्यात चोवीस वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवतेय, शिकवणी आजवर एकही घेतली नाही. त्यामुळे मला हे लागलंय. आता ऐका.

नेग्लिजिबलला आधी मोजमाप लागतं. विज्ञानाच्या पुस्तकात 'घर्षण नेग्लिजिबल धरा' असं असतं. घर्षण आहे, पण हिशोबातून वगळलं तरी उत्तर हलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेच घर्षण आंबा घाटात उतरणाऱ्या एसटीच्या ब्रेकला लावा, मग बघू कोण वगळतो! वस्तू तीच, हिशोब बदलला.

ट्रिव्हिअलमध्ये मोजायचं काही नसतं. तिथे लायकी ठरते. भावाभावांत बोलणं बंद झालं, कारण काय तर जेवताना फणसाचे गरे कुणाला आधी वाढले. कारण ट्रिव्हिअल. त्याला नेग्लिजिबल म्हणून बघा, जीभच अडखळते. गणितातही ट्रिव्हिअल उत्तर असतं: काही समीकरणांत सगळीकडे शून्य घाला, बरोबर येतं. शून्य लहान आहे म्हणून ते ट्रिव्हिअल नाही, त्याला डोकं लागत नाही म्हणून.

मुळात बघितलं तर गंमतच आहे. ट्रिव्हिअलच्या पोटात लॅटिन 'त्रि' आणि 'विआ', म्हणजे तीन वाटा. आपला तिठा! तिठ्यावर जे बोललं जातं ते, चारचौघांतलं, सामान्य. नेग्लिजिबलच्या पोटात 'न उचलणं' आहे, म्हणजे बघितलं आणि सोडून दिलं. एका मुलानं गैरहजेरीच्या अर्जात लिहिलं होतं, 'माझ्या गैरहजेरीचं कारण नेग्लिजिबल आहे, तरी माफ करावे.' मी लाल पेन काढलं आणि पाच मिनिटं तशीच बसले. चूक तर होती, पण पोरानं खरं लिहिलं होतं: कारण होतं, मी ते उचलू नये एवढीच त्याची इच्छा.

सरळमराठी

बाई, माझ्या तीन ओळींवर तुम्ही निबंध लिहिलात, धन्यवाद. आता माझं.

एक, शब्दाचं मूळ म्हणजे अर्थ नव्हे. इंग्रजीत 'नाइस' म्हणतात ना, त्याचं लॅटिन मूळ 'अडाणी' या अर्थाचं आहे. उद्यापासून वर्गात कुणी नाइस म्हटलं की छडी काढणार?

दुसरं म्हणजे बोलणारा माणूस हा फरक करतच नाही. आपल्याकडे क्षुल्लक, किरकोळ, नगण्य, फुटकळ, चिल्लर एवढी रास पडलीय. बाजारात उभा राहून कोण विचारतो, 'अहो, तुमचं नुकसान किरकोळ की नगण्य?' साहेबाच्या भाषेतल्या केसाचे चार भाग करून आपल्या पोरांना घाबरवायचं, हा धंदा बंद करा.

कलमवाला_देवगड

सरळमराठी, तुमच्याशी माझं भांडण नाही. इंग्रजी माझंही यथातथाच. पण तुम्ही बाजाराचं नाव काढलंत म्हणून सांगतो.

2014 च्या मे महिन्यात युरोपनं आपला आंबा बंद केला. कशापायी? फळमाशी. मालात अळी सापडली. हजारो पेट्यांत किती अळ्या असतील? तुमच्या बाईंच्या हिशोबानं, वजनानं म्हणा संख्येनं म्हणा, नेग्लिजिबल. पण तिकडे ब्रिटनमधल्या टोमॅटो-काकडीवाल्यांच्या पिकाला धोका, म्हणून दार बंद. 2015 उजाडल्यावर बंदी उठली, तोवर आमचा हंगाम गेला. मोजायला काहीच नाही, आणि तरी ट्रिव्हिअल नाही. तो फरक आम्ही पैसे मोजून शिकलोय.

आता उलटं. माझा माल ज्या दलालाकडे जायचा, त्याच्या हिशोबाच्या पट्टीत हमाली, तोलाई, भाडं यांच्याखाली 'इतर' म्हणून पेटीमागे पाच रुपये कापलेले. विचारलं तर म्हणतो, 'अहो भाऊ, एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर काय बोलता?' पेट्या सहाशे. तीन हजार झाले. पट्टी अजून कपाटात आहे. गोष्ट क्षुल्लक, मान्य. रक्कम सोडून देण्यासारखी होती का?

सरळमराठी

तुम्ही दोन्ही वेळा मराठीतच समजावलंत आणि मला समजलं. म्हणजे इंग्रजी शब्दांची गरज लागली नाही. माझाच मुद्दा.

आडिवऱ्याची बाई

तुमचा मुद्दा 'दोघांत फरक नाही' असा होता. आता 'फरक आहे, पण मराठीत सांगता येतो' यावर आलात. या, बसा. पाणी घ्या.

कोर्टकज्जा

रत्नागिरीत वकिली करतो. इथे कायद्याला विसरू नका. 1860 च्या भारतीय दंड संहितेचं कलम 95 हेच सांगायचं: अपाय इतका हलका असेल की साधारण समजेचा आणि स्वभावाचा माणूस त्याबद्दल तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा नाही. आता त्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 33 झालंय. संहितेचा मसुदा करणाऱ्यांनी दिलेली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत: दुसऱ्याच्या दौतीत टाक बुडवला तर तीही चोरीच, घोड्यावरून शेजारून जाताना धूळ उडवली तर तोही हल्लाच. म्हणून हे कलम घातलं.

मुद्दा असा, की शाईचे थेंब कुणी मोजायला सांगितले नाहीत. तक्रार करण्याजोगं आहे का, एवढंच विचारलं. 1966 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण होतं, घरमालक-भाडेकरूच्या भांडणात भिरकावलेली कागदांची फाइल लागून कोपराला ओरखडा आला. न्यायालयानं ओरखड्याची लांबी बघून सोडून दिलं नाही; दोघांची परिस्थिती काय, हेतू काय, हे बघून ठरवायचं म्हणाले. बाई म्हणतात ते ट्रिव्हिअल हेच. तरी एक सांगतो, कोर्टात मी स्वतः दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरतो, 'ट्रिव्हिअल अँड नेग्लिजिबल'. एक फसला तर दुसरा लागू पडावा म्हणून.

सरळमराठी

वकीलसाहेब, हे तुम्ही कुणाच्या बाजूनं बोललात?

कोर्टकज्जा

अजून फी ठरलेली नाही.

डोंबिवलीचा चाकरमानी

शब्दांवरून एवढं? 2011 पासून मुंबई-गोवा हायवेचं काम चालू आहे, ते काय नेग्लिजिबल? गणपतीला निघालो की वडखळला सकाळ, महाडला दुपार आणि गावात पोचेपर्यंत आरती संपलेली. दर वर्षी ऐकतो, 'काम किरकोळ राहिलंय.' हा किरकोळ शब्द आधी कोशातून काढा, मग ट्रिव्हिअलचं बघू.

मुरुडची वाडीवाली

किरकोळचं नाव काढलंत म्हणून लिहितेय, नाहीतर नुसतीच वाचत होते.

मुरुड म्हणजे दापोलीचं, हर्णैच्या बाजूचं. 3 जून 2020, निसर्ग वादळ. सासऱ्यांच्या हातची पोफळीची वाडी. दुपारी वारा पडला तेव्हा निम्मी झाडं आडवी होती, त्यांचं काय बोलायचं. पण उरलेली उभी होती आणि त्यांचे शेंडे पिळवटलेले, ओलं फडकं पिळून टांगल्यासारखे.

पंचनाम्याला जो माणूस आला तो बरा होता, उगाच दोष देत नाही. काठीनं दाखवत आडवी झाडं मोजली. मी म्हटलं, ही उभी पण गेली. तो म्हणाला, 'वहिनी, उभं झाड मोजता येत नाही. त्याचं नुकसान नगण्य धरतो.' पोफळीला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं, बाजूनं फूट येत नाही. दिवाळीपर्यंत ती सगळी एकेक करून वाळली. तेव्हा विचारायला गेले तर पंचनामे केव्हाच बंद.

नगण्य म्हणजे न-गण्य, न मोजलेलं. झाड नगण्य नव्हतं, मोजणाऱ्यानं तसं ठरवलं. सरळमराठी, बाजारात उभं राहून असं कोण विचारतं म्हणालात ना? मी विचारलं होतं.

डोंबिवलीचा चाकरमानी

वहिनी, वाईट वाटलं. पण तेव्हा आम्ही मंडळातर्फे छपराचे पत्रे पाठवले होते, हेही लिहा.

मुरुडची वाडीवाली

पाठवलेत. एक टेम्पो. त्यातले निम्मे ज्यांची घरं वर्षभर बंद असतात त्यांच्यावर चढले. तुमच्यातल्याच.

डोंबिवलीचा चाकरमानी

हे बरं आहे! आणि त्याच वर्षी कोरोनात आम्ही गावी आलो तर शाळेत चौदा दिवस कोंडलंत, विहिरीवर येऊ दिलं नाहीत, ते? माझ्या आईला स्वतःच्या अंगणात पाय ठेवायला बंदी. पत्रे लावायला आम्ही हवे, पाणी प्यायला नको.

मुरुडची वाडीवाली

गावात म्हातारी माणसं होती आणि दवाखाना लांब. लाईट किती आठवडे नव्हती ते तुम्हाला फोनवर कळलं, आम्ही मेणबत्तीत काढले. कोंडलं म्हणता, पण डबा कुणाच्या घरून येत होता? माझ्या सासूबाई द्यायच्या, शाळेच्या खिडकीतून. भात, कुळथाची पिठी आणि वर तळलेला सांडगा.

डोंबिवलीचा चाकरमानी

डबा यायचा. मुरुडचा नव्हता, आमच्या गावचा होता, पण यायचा. मान्य. पिठी पातळ असायची.

कलमवाला_देवगड

पिठी पातळ ही तक्रार कलम 95 मध्ये बसते का हो वकीलसाहेब?

कोर्टकज्जा

साधारण समजेचा आणि स्वभावाचा माणूस तक्रार करणार नाही. डोंबिवलीकर करू शकतो.

सावंतवाडीकर

मूळ धाग्याकडे येऊ का? 'क्षुल्लक' इतका हलका करू नका. दिगंबर जैनांमध्ये क्षुल्लक ही मुनी होण्याच्या वाटेवरची पायरी आहे, अंगावर लंगोटी आणि एक वस्त्र. आमच्या घरी क्षुल्लकजी आले की आजी उभी राहून हात जोडायची. शाळेत मास्तरांनी 'क्षुल्लक कारणावरून' असा वाक्प्रयोग दिला तेव्हा मी घरी येऊन विचारलं होतं, महाराजांवरून भांडण का झालं.

सरळमराठी

हे मला माहीत नव्हतं. ठीक.

वाडीवाल्या ताईंचं वाचून मी काल रात्री काही लिहिलं नाही. माझी पोस्ट शिकवणीवाल्यांवर होती, त्यामागे घरचं कारण आहे. माझ्या मुलीला एका क्लासमध्ये असल्याच शब्दांच्या जोड्या पाठ करायला लावल्या, नव्वद की किती, आणि चुकल्यावर सगळ्यांसमोर उभं केलं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. त्यातली एक जोडी हीच होती. तो राग मी इथे काढला. पण बाई, कुठलीही जोडी अशी छाती बडवून सांगितली की मला तोच वर्ग आठवतो, याला माझा इलाज नाही.

आडिवऱ्याची बाई

नव्वद जोड्या पाठ करायला लावणाऱ्याला मीच उभं करीन, पाठ न करता सांग म्हणेन. त्याबाबत तुमच्या बाजूला आहे, लिहून घ्या. लेकीला म्हणावं, पाठ करू नकोस, एकच प्रश्न विचार: मी हे मोजून सोडतेय, की मला हे बोलण्याच्या लायकीचं वाटत नाही?

मात्र 'दोन्ही एकच' हे वाक्य मागे घेतलेलं मला अजून दिसलेलं नाही.

सरळमराठी

अर्धं घेतो. बोलताना एकच, लिहिताना निराळे. याच्या पुढे खेचू नका.

मालवणी मेलो

बाईनू, सगळा वाचलंय. तुमचो तिठो माका बरो गावलो, पण एक अडचण आसा.

आमच्या तिठ्यार अवसेच्या राती कोणीतरी उतारो ठेवल्यान. नारळ, लिंबू, पिंजर घातलेलो भात. सकाळी दुधवालो सायकल उतरान बाजून गेलो. शाळेतली पोरां गडग्यावरसून गेली. आमची आवस तर थंयसर बघुकच देईना. आता तुम्ही म्हणतास, तिठ्यावरचा ता ट्रिव्हिअल आणि कोण उचलणा नाय ता नेग्लिजिबल. मगे हो नारळ दोनय झालो मा? हात लावन दाखवा कोणीतरी!

आडिवऱ्याची बाई

मेल्या, चोवीस वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मुळाच्या हिशोबानं दोन्ही. अर्थाच्या हिशोबानं एकही नाही. ज्याला अख्खा गाव वळसा घालून जातो ते नेग्लिजिबल कसं असेल? सरळमराठी, तुमचा तो 'नाइस'चा मुद्दा होता ना, मूळ म्हणजे अर्थ नव्हे, तो इथे बरोबर बसतो. तुम्ही मांडलात तेव्हा मला पटवून घ्यायचा नव्हता.

सरळमराठी

अंगठा मी दिलाय. स्क्रीनशॉट पण काढलाय.

डोंबिवलीचा चाकरमानी

पण त्या नारळाचं पुढे काय झालं?

मालवणी मेलो

माकडान नेल्यान. तेका ना इंग्रजी येता, ना मराठी.