तंत्रज्ञान शिफारस समितीच्या अहवालाचा नमुना हवा आहे (तातडीचं)

शेंडापार्क: नवीन तंत्रज्ञानाची शिफारस करायला आमच्या विद्यापीठानं समिती नेमलीय, सदस्य-सचिवपद माझ्या गळ्यात. सोमवारी बैठक. वरून 'निकषांसह अहवाल' मागितलाय. गुण कसे द्यायचे, तक्ता कसा करायचा? कंपनीवाले डेमो देऊन गेले, सगळ्यांना आवडलाय. गुगल करा म्हणून सांगू नका, ते झालंय.

उद्यमनगरकर: कसलं तंत्रज्ञान ते तरी सांगा की सर. थ्रीडी प्रिंटर का चॅटबॉट? आणि विद्यापीठ सरकारी का खाजगी?

निवृत्त_ग्रंथपाल: सरकारी असेल तर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार माहिती तंत्रज्ञान मंडळ असतं, आधी त्यांना विचारा. आणि समितीनं गरज लिहायची, कंपनीचं नाव नाही. खरेदी नंतर, जेमवरून (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) नाहीतर निविदेनं.

आयटीवाला_पुण्यात: गार्टनरचा हाइप सायकल लावा, नव्या तंत्रज्ञानाचा गाजावाजा कुठवर चढलाय-उतरलाय ते दाखवतो. एका आलेखात विषय संपला.

उद्यमनगरकर: आलेख बघून खरेदी म्हणजे पंचांग बघून मोटर रिवाइंड करायची. नासाची टीआरएल पट्टी घ्या, तंत्रज्ञान वापरायला किती तयार झालंय त्याची, १ ते ९. सातच्या खाली असेल तर शिफारस नाही.

आयटीवाला_पुण्यात: भावा, ती यानांसाठी काढलेली. सॉफ्टवेअर विकणारा प्रत्येकजण स्वतःला ९ च लावून घेणार.

शेंडापार्क: सरकारी. एआयनं लिहिलेला मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, पीएचडीच्या प्रबंधांसाठी. त्यानं काय फरक पडतो? मला तक्ता हवाय.

निवृत्त_ग्रंथपाल: सगळा फरक तिथंच पडतो! डेमोत इंग्रजी फाइल चालवली असणार. मराठी विभागातला श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला एखादा प्रबंध घालून बघा. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, पण यंत्राला आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं सापडतात. ओपनएआयनं स्वतःचं असलं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमातली १० टक्क्यांची सूट दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्यासाठी आहे, ती एआयच्या टक्क्याला चिकटवू नका.
चाचणी सोपी आहे. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ ला. शोधगंगेवरचे (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) त्याच्या बरेच आधीचे प्रबंध घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यातला एकही 'एआय' म्हणून पकडला, तर उद्या तोच ठपका आपल्या पोरांवर बसणार.

कळंबा_रोड: मुलगी बीसीएला आहे. लॅपटॉप आय५ घ्यावा का रायझन?

उद्यमनगरकर: ताई, वेगळा धागा काढा. बजेट किती आहे?

आयटीवाला_पुण्यात: रायझन. रॅम १६ जीबी बघा.

शेंडापार्क: जुने प्रबंध घालायचं पटलं. पण कंपनी ट्रायल लॉगिन देईना. 'आमच्याच फाइली चालवून दाखवतो' म्हणतात.

निवृत्त_ग्रंथपाल: मग तक्त्याची पहिली ओळ तीच: स्वतंत्र चाचणी करू दिली का? नाही. त्याखाली: प्रबंध कुठल्या सर्व्हरवर राहणार, ठपका चुकला तर विद्यार्थ्यानं दाद कुणाकडे मागायची, पहिलं वर्ष सवलतीत दिलं तर नूतनीकरणाचा दर काय. गुण देऊच नका. देखणा डेमो बाकीच्या रकान्यांत गुण ओढतो आणि नापास माल बेरजेत पास होतो.

शेंडापार्क: साहेबांना गुणच पाहिजेत. शंभरपैकी.

उद्यमनगरकर: द्या की. पण वर एक ओळ घाला, चाचणी झाल्याशिवाय बेरीज धरू नये. आणि त्याखाली सगळ्या सदस्यांच्या सह्या घ्या, तुमची एकट्याची नको.

कळंबा_रोड: बजेट पन्नासपर्यंत.