राधानगरी-दाजीपूर: पोरांना घेऊन एका दिवसात होईल का?

शिवाजीपेठकरीण
नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंदेची दोन पोरं येणार आहेत, वय नऊ आणि बारा. रंकाळा, पन्हाळा, जोतिबा सगळं झालंय. आता त्यांना "डोंगरातलं तळं आणि खरे गवे" बघायचेत. राधानगरीला पोहता येतं का, बोटिंग आहे का? सकाळी नऊला नाश्ता करून निघालं तर चालेल ना? सासूबाई पण येते म्हणतात, त्यांचे गुडघे दुखतात.

भोगावतीकाठ
नऊला? तोवर गवा पोट भरून झाडीत रवंथ करत बसलेला असतो वहिनी.

घाटातली गाडी
ताई, मी एसटीत ड्रायव्हर होतो. फोंडा घाटानं कोकणात गाडी न्यायची म्हणजे राधानगरी, दाजीपूर वाटेतच. म्हणून जरा लांबण लावतो.

पोहायचं डोक्यातून काढा. लक्ष्मी तलाव म्हणजे धरणाचं पाणी, काठ घसरता आणि खोली कळत नाही. नावेची हौस रंकाळ्यावर फेडा. पण पोरांना धरण जरूर दाखवा. शाहू महाराजांनी काम काढलं, महाराज १९२२ ला गेले आणि धरण पुरं झालं १९५७ ला. सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. डिसेंबरात ते बंदच असणार, पण पावसाळ्यात "दरवाजे उघडले" म्हटलं की इकडं पंचगंगेकाठची माणसं का दचकतात, ते पोरांना तिथं उभं राहून कळेल.

आता गवा. पूर्वी हे संस्थानचं शिकारीचं रान, १९५८ ला अभयारण्य झालं. दिसेलच असं कुणी सांगितलं तर तो फसवतोय. पहाटे नाहीतर दिवस कलताना सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चरायला येतो. कोल्हापुरातून दाजीपूर ऐंशीएक किलोमीटर, म्हणजे पहाटे चारला निघा. आत वनखात्याच्या परवानगीनंच जायचं, वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा.

एकदा धुक्यात वळणावर एक नर आडवा उभा. काळाकुळकुळीत, पायात पांढरे मोजे, पाठीचा उंचवटा माझ्या काचेएवढा. मी इंजिन बंद केलं. मागनं एकजण "हॉर्न मारा की ओ" म्हणून ओरडायला लागला, त्याला कंडक्टरनं गप्प केलं. गवा असा आडवा राहून अंग दाखवतो ना, तो इशारा असतो, की बघ मी केवढा आहे. पाऊण टन, टनभर वजनाचं जनावर ते. वीसेक मिनिटांनी फुस्स केलं आणि गेला उतारानं. म्हणून सांगतो, दिसला तर गाडीतनं उतरायचं नाही, सेल्फी तर नाहीच.

नाही दिसला तर शेकरू बघा. मान वर करून झाडांचे शेंडे बघत बसलं की तांबूस झुपकेदार शेपूट दिसतं. पोरांना तेच जास्त आवडेल असं माझं मत.

आजींचं म्हणाल तर आतला रस्ता हाडं खिळखिळी करतो. त्यांना उगवाई देवीच्या देवळापाशी उन्हात बसवा. डिसेंबरात तिथं थंडी बोचते, शाल, कानटोपी घ्या.

शिवाजीपेठकरीण
काका, सासूबाई म्हणतात देवीला यायचंच होतं, गव्याचं तुम्ही बघा. धाकट्याला पोहायचं नाही सांगितलं तर विचारतोय, मग गवा पोहतो का?

घाटातली गाडी
पोहतो की. त्याला परवानगी लागत नाही.

शिवाजीपेठकरीण
बरं, चारचं ठरलं. दशम्या रात्रीच करून ठेवते.