सल्ला हवा: ट्रॅपखालच्या लाइनमधले मल्टिपल काढू की वापरू?

ट्रॅपखालचा_पोरगा
नमस्कार मंडळी. नागपुरात भूशास्त्रात एम.एस्सी. करून राहिलो, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टला शहराच्या पश्चिमेकडची एक जुनी टू-डी सीस्मिक लाइन मिळाली आहे. वर काळी माती, मग बेसॉल्ट (हाच ट्रॅप), त्याखाली गोंडवानाचे जुने वालुकाश्म-कोळशाचे थर. ०.१६ सेकंदाला ट्रॅपच्या तळाचं दणदणीत परावर्तन दिसतं आणि बरोबर ०.३२ ला त्याच्यासारखंच दुसरं, फिकट. गाईड म्हणतात मल्टिपल आहे, म्हणजे तीच लाट पृष्ठभागावर आपटून पुन्हा तळावरून परतलेली, काढून टाक. माझी शंका अशी की मल्टिपलची ध्रुवता (लाटेचं धन-ऋण चिन्ह) उलटते असं शिकलो होतो, इथे तर दोन्हींची एकच आहे. शिवाय आता लोक मल्टिपल फेकत नाहीत, त्यातूनच प्रतिमा काढतात म्हणे. लॅपटॉप ८ जीबीचा, बजेट शून्य, वेळ दोन महिने. काय करू?

डिकॉनकाका
गाईडचं बरोबर आहे. ध्रुवता उलटते हे समुद्रतळाचं उदाहरण घोकल्यामुळे डोक्यात बसतं. तिथे परावर्तनाचा गुणांक (लाटेचा किती भाग, कोणत्या चिन्हाने परततो) धन असतो. लाट जमिनीच्या पृष्ठभागावरून खाली परतताना साधारण उणे १ ने गुणली जाते. आता तुझा आकडा मांड. बेसॉल्ट ४.४ किमी/से. आणि घनता २.८, वालुकाश्म ३ किमी/से. आणि २.३ धर. तळाचा गुणांक येतो उणे ०.२८. मल्टिपल म्हणजे (−०.२८) × (−१) × (−०.२८), म्हणजे उणे ०.०८. चिन्ह तेच, ताकद पाव-सव्वापाव. फिकट जुळा दिसणारच.

खरी गोम पुढे आहे. रेडॉनला (वेगातल्या फरकावरून मल्टिपल वेगळे करायची पद्धत) हात लावायच्या आधी वेग तपास. ती पद्धत या गृहीतावर चालते की मल्टिपल प्रायमरीपेक्षा (एकदाच परावर्तित लाटेपेक्षा) हळू असतो, म्हणून एनएमओनंतर (अंतरामुळे झालेला उशीर काढून रेघ सपाट केल्यावर) तो खाली वाकतो आणि वाकलेलं कापता येतं. तुझ्याकडे उलटं आहे. ०.३२ ला येणाऱ्या गोंडवानाच्या प्रायमरीचा आरएमएस (थरांचा सरासरी) वेग साधारण ३.८ किमी/से., आणि मल्टिपल अख्खा बेसॉल्टमध्येच फिरलेला, तो ४.४ वरच. तो वर वाकेल. खाली वाकलेलं कापणारा नेहमीचा म्यूट लावलास तर मल्टिपल शाबूत राहील, आणि आपण समजू की काम झालं.

सावजी_सिग्नल
काका 🙏 हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

सॉफ्टवेअरचं बोलायचं तर सीस्मिक युनिक्स घे, फुकट आहे, ८ जीबीवर मजेत चालतं. लिनक्सची भीती वाटत असेल तर दोन दिवस जातील, बस. प्रेडिक्टिव्ह डिकॉनसाठी (ठरावीक वेळाने परत येणारी लाट ओळखून वजा करणं) त्यात सुपेफ ही आज्ञा आहे. मिनलॅग ०.१४, मॅक्सलॅग ०.१८ (त्या वेळेची खालची-वरची सीमा, सेकंदात) पासून सुरू कर. फक्त लक्षात ठेव, ०.१६ ची नियमित आवर्तनं जवळच्या ऑफसेटलाच (स्रोत ते जिओफोन अंतर) मिळतात, लांब गेल्यावर अंतर आखडत जातं. म्हणून गॅदर (ट्रेस म्हणजे एकेका जिओफोनच्या नोंदी, त्यांचा गट) आधी टाऊ-पी मध्ये (वेळ आणि उतार अशा मांडणीत) ने आणि तिथे डिकॉन कर. नंतर मॅडागास्कर हे दुसरं सॉफ्टवेअर बघ, रेडॉनचे प्रयोग त्यात सोपे वाटतात.

एसआरएमई (पृष्ठभागाचे मल्टिपल काढायची पद्धत) च्या मागे लागू नकोस. कल्पना देखणी आहे: डेटाचं स्वतःशीच कन्व्होल्यूशन केलं की पृष्ठभागाचे मल्टिपल अंदाजता येतात, भूगर्भाचं मॉडेल लागतच नाही. डेल्फ्टच्या वर्स्खूर, बर्खाउट, वापेनार यांचा १९९२ चा पेपर. पण दाट, नियमित शॉट आणि जवळचे ट्रेस हवेत. जुन्या जमिनीवरच्या लाइनमध्ये ग्राउंड रोल (पृष्ठभागावरून धावणारी लाट) आणि मातीचे स्टॅटिक्स (वरच्या मातीमुळे वेळेत पडणारे फरक) मिळून त्याचा चिखल होतो. शिकायचंच असेल तर उत्तर समुद्रातला व्हायकिंग ग्राबेनचा खुला डेटा घे, मल्टिपलसाठी सगळे त्यावरच हात साफ करतात.

पुनर्परावर्तित
'वापरू का' हे कोणी बोललंच नाही, म्हणून मी. केस कापून झाल्यावर न्हावी मागे दुसरा आरसा धरतो, तेव्हाच आपल्याला आपली मान दिसते. मल्टिपलचं तसंच. तो वेगळ्या कोनातून, जास्त रुंदीचा भाग उजळतो. समुद्रतळावर रिसीव्हर ठेवतात तिथे हे रोजचं काम आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून खाली परतलेली लाट घेतात आणि रिसीव्हर जणू पाण्याच्या वर तितक्याच उंचीवर टांगला आहे असं मानून इमेजिंग करतात.

पण अट आहे: वर जाणारी आणि खाली येणारी लाट आधी स्वच्छ वेगळी हवी. नाहीतर चुकीच्या जोड्या जुळतात, क्रॉसटॉक होतो आणि नसलेले थर उगवतात. तुझ्याकडे जमिनीवर एकच घटक मोजणारे जिओफोन. वेगळं करायला साधन नाही. माझं मत: यंदा काढ, वापर पुढच्या वेळी.

जुना_बोअरवाला
एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी आम्ही असाच जुळा 'गोंडवानातला खालचा थर' म्हणून नकाशावर काढला. साहेब खूश. बोअर त्या खोलीला गेलं, साधा एकसुरी वालुकाश्म. रिपोर्टवर सही माझी होती.

तेव्हापासून माझा नियम: आधी बोअरहोलच्या सोनिक (ध्वनिवेगाच्या) आणि घनता लॉगवरून दोन सिंथेटिक (गणिताने बनवलेले ट्रेस) काढायचे, एक फक्त प्रायमरीचा, एक मल्टिपलसकट. ०.३२ ला दुसऱ्यातच रेघ आली तर विषय संपला. गाईडच्या पत्रावर सीएमपीडीआय (कोळसा खाणींची नियोजन संस्था) किंवा जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) नागपूर कार्यालयात विचार, जवळचा लॉग मिळाला तर अर्धं प्रोजेक्ट तिथेच झालं.

दुसरं म्हणजे जे काढलंस त्याचा सेक्शन नेहमी छाप. आधीचा वजा नंतरचा. त्यात थरासारखी सलग रेघ दिसली की प्रायमरी खाल्ली समज.

आणि कोळशाच्या सीममधल्या (थरामधल्या) आतल्या मल्टिपलना हात लावू नकोस. १० मीटरच्या सीममधून लाटेचा जाऊन-येऊन वेळ जेमतेम ९ मिलिसेकंद. ते प्रायमरीच्या शेपटीतच मिसळलेले असतात, वेगावरून सुटत नाहीत.

ट्रॅपखालचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. काल टाऊ-पी मध्ये डिकॉन केलं, ०.३२ बराच बसला. पण फरकाच्या सेक्शनमध्ये ०.१६ च्या खालोखाल एक बारीक सलग रेघ येऊन राहिली. प्रायमरी खाल्ली का?

डिकॉनकाका
बहुतेक हो. मिनलॅग ०.१४ चा ०.१५ कर, ऑपरेटर आखूड ठेव, आणि दोन्ही सेक्शन एकाच गेनवर इथे टाक. ऑटोकोरिलेशनही (ट्रेस किती वेळाने स्वतःसारखा परत येतो त्याचा आलेख) टाकशील, आधी आणि नंतरचं. त्याशिवाय मी काही बोलत नाही.