मदत हवी आहे: फोटो आमच्या बागेचे, पैसे भलत्याच्या खात्यात

नमस्कार मंडळी. देवगडजवळ आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. व्हॉट्सॲपवर पेट्या विकायला लागलो तेव्हापासून दलालाची कटकट सुटली, पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं थेट जोडली गेली. यंदा मात्र कुणीतरी आमचे फोटो (अगदी बाबा आढी लावतानाचासुद्धा!) उचलून आमच्याच नावाने खोटं पान काढलंय. यूपीआयने आगाऊ पैसे घेतो, पेटी पाठवतच नाही. शिव्या आम्हाला. ज्यांचे पैसे गेले त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलंय. हापूसला २०१८ पासून जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव) आहे, आमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही आहे. त्या जोरावर पान बंद करून घेता येतं का? तीनदा रिपोर्ट केलं, उत्तर नाही. कुणी केलं असेल तर नेमके कोणते कागद जोडले?