ऑलिव्हच्या तेरा कथा, मुलाची एकही नाही

रामबागकर:
एलिझाबेथ स्ट्राउट यांच्या ‘ऑलिव्ह किटरिज’ या पुस्तकाला २००९ चं पुलित्झर हे अमेरिकी पारितोषिक मिळालं. अमेरिकेच्या मेन राज्यातलं क्रॉस्बी हे कल्पित गाव, १३ कथा, आणि त्यांतून ये-जा करणारी निवृत्त गणित शिक्षिका ऑलिव्ह. फटकळ, तापट, माफी न मागणारी. सलग कादंबरी असती तर शेवटी तिला सुधारावंच लागलं असतं. इथे ती सुटली. एका कथेत नवऱ्यासोबत हॉटेलात येते नि जाते, एवढंच. दुसरीत, जीव द्यायला गावी परतलेल्या जुन्या विद्यार्थ्याच्या गाडीत न विचारता जाऊन बसते आणि बोलत राहते. खाष्ट बाई अशी चार घरांतून बघितली तरच पुरती कळते.

सुदामानगरवाली:
काका, मला हेच पटत नाही. नवऱ्याला पहिलीच कथा मिळाली. त्या विद्यार्थ्याला मिळाली, हॉटेलात पियानो वाजवणारीलाही मिळाली. पोटच्या ख्रिस्तोफरला एकही नाही! तिच्या रागाच्या धाकात जो वाढला, त्याच्या नजरेतून ती कधीच दिसत नाही. लग्नाच्या दिवशी नवी सून सासूच्या ड्रेसबद्दल काय बोलते ते चोरून ऐकून ऑलिव्ह तिचा स्वेटर मार्करने खराब करते, एक बूट आणि ब्रा पर्समध्ये घालून नेते. तरी आपण तिच्याच बाजूने, कारण कथा तिच्या मनातून सांगितलीय. आमच्या इंदूरच्या वाड्यांत अशा सासवांना ‘मनाने चांगली आहे हो’ एवढ्यावर जन्मभर सूट मिळाली. सुनांनी काय गिळलं ते कोणी विचारलं?

रामबागकर:
सूट कुठे? न्यूयॉर्कच्या कथेत मुलगा आवाज न चढवता तिला तोंडावर सुनावतोच की. ती तडकाफडकी निघते आणि विमानतळावर बूट काढायला नकार देऊन अडकते. लेखिकेने तिला अजिबात वाचवलेलं नाही.

नारायणबागची वाचक:
‘उपासमार’ ही कथा तुम्ही दोघांनीही सोडलीत. अन्न टाकलेल्या अनोळखी मुलीसमोर ऑलिव्ह रडते, आपणही उपाशीच आहोत म्हणते. तिथे मला ती पहिल्यांदा आवडली.

सुदामानगरवाली:
ताई, मलाही ती कथा आवडते, म्हणूनच राग येतो. परक्या मुलीला जे म्हणाली, ते मुलाला का नाही? २०१९ च्या ‘ऑलिव्ह, अगेन’मध्ये तो बायकामुलांसह तिच्याकडे राहायला येतो. तीही कथा ऑलिव्हच्याच नजरेतून.